मामाकचें मेज आणि मलेशियाचा बोलपट

एखाद्या परक्या देशाचें तारुण्य ओळखावयाचें असल्यास त्याचा दिवस पाहून भागत नाहीं. त्याची रात्र पाहावी लागते. दिवसभर तरुण मनुष्य दुसऱ्याच्या ताब्यांत असतो. शाळेच्या, कचेरीच्या, दुकानाच्या, नाहींतर आईबापांच्या. रात्रीं जेवणवेळ उलटून गेल्यावर जे दोन-तीन तास उरतात तेवढेच काय ते त्याचे स्वतःचे. मलेशियाच्या शहरांतील तरुण हे तास कोठें घालवितो असें विचारलें, तर प्रवाशांसाठीं छापलेलीं पुस्तकें क्वालालंपुरांतील चांगकाट बुकिट बिनतांगच्या मद्यगृहांकडे व नृत्यगृहांकडे बोट दाखवितील. तें अगदींच खोटें नाहीं. पण त्या देशांत मुसलमानानें मद्य घेणें हा शरियतच्या कायद्यानें शिक्षेस पात्र असा अपराध आहे, आणि मलय मनुष्य तर तेथील राज्यघटनेच्या व्याख्येनेंच मुसलमान ठरतो. म्हणजे लोकसंख्येचा निदान अर्धा भाग ह्या करमणुकीपासून, उघडपणें तरी, दूर ठेवलेला आहे. ज्या जागीं मलय, चिनी व तमिळ अशा तिन्ही घरांतलीं मुलें शेजारीं शेजारीं बसूं शकतात ती जागा निराळी आणि फार साधी आहे. तिला तेथें ‘मामाक’ म्हणतात.

हा शब्द आमच्या वाचकांस परका वाटूं नये. तमिळ ‘मामा’ तोच हा. दक्षिण हिंदुस्थानांतून गेलेल्या तमिळ मुसलमान खाणावळवाल्यांस तेथील लोक मामा म्हणूं लागले, आणि पुढें त्यांच्या दुकानांसहि तेंच नांव पडलें. हीं दुकानें बहुधा रात्रभर उघडीं असतात. मेजें रस्त्याच्या कडेपर्यंत मांडलेलीं; दोन भांड्यांत हातभर उंचीवरून ओतून फेस आणलेला चहा, ज्यास ‘तेह तारिक’, म्हणजे ओढलेला चहा, असें म्हणतात; तव्यावरून उतरलेली ‘रोटी चनाई’ आणि तिजबरोबर वाटीभर आमटी; भिंतीवर मोठा पडदा आणि त्यावर इंग्लंडांतील फुटबॉलचा सामना, जो तेथील घड्याळाप्रमाणें कित्येकदां मध्यरात्र उलटल्यावर संपतो. अन्न हलाल असल्यामुळें मलय मुलास अडचण नाहीं. गोमांस न खाणाऱ्या तमिळ हिंदूस डाळरोटी आहे. आणि चिनी मुलास खाण्याचें वावडें असें फारसें नसतेंच. एका पेल्यावर तीन तास काढले तरी कोणी उठा म्हणत नाहीं. ह्या निरुद्योगी बसण्यास मलय भाषेंत ‘लेपाक’ असा स्वतंत्र शब्दच आहे. आपल्या ‘गप्पा छाटण्या’मध्यें जिभेला जेवढी मेहनत पडते तेवढीहि त्यांत अपेक्षित नाहीं.

आणि मेजावरची ती भाषा! वाक्याचा सांगाडा मलय, मधले शब्द इंग्रजी, शिवी चिनी किंवा तमिळ, आणि शेवटीं ‘ला’ हें एक शेपूट, जें आपल्या ‘बरें का’ प्रमाणें अर्थ वाढवीत नाहीं पण जवळीक वाढवितें. भाषाशुद्धीचे कैवारी तिला ‘बहासा रोजाक’ म्हणून हिणवितात. बहासा म्हणजे आपली भाषाच, आणि रोजाक म्हणजे चिरलेलीं फळें, काकडी वगैरे एकत्र कालवून केलेला एक तिखटगोड पदार्थ. ज्या देशांत प्राथमिक शाळाच मलय, चिनी आणि तमिळ अशा वेगळ्या आहेत, तेथें ही कालवलेली भाषा मुलांनीं शिकावी तरी कोठें? तीं ती मेजावर शिकतात.

तेव्हां अशा देशाच्या बोलपटांत हें मेज जागोजाग दिसावें अशी अपेक्षा करणें वावगें नव्हे. आम्ही कांहीं जुने-नवे मलेशियन बोलपट लागोपाठ पाहावयास बसलों ते ह्याच अपेक्षेनें, आणि जें आढळलें तें सांगण्यासारखें आहे. मेज तेथें आहे. तें नेहमीं मामाकचेंच असतें असें नाहीं, कधीं बाजारांतील फळकुट असतें, कधीं शाळेचें व्यासपीठ. त्याभोंवतीं जमलेलीं माणसेंहि खरीं आहेत. परंतु कथा तेथें फार वेळ बसत नाहीं. थोड्याच वेळांत कोणीतरी मरतें.

ह्या बोलपटाच्या जन्माशीं मुंबईचा संबंध आहे, म्हणून आधीं त्याविषयीं दोन शब्द. १८७० च्या सुमारास व त्यापुढें पारशी नाटकमंडळ्या समुद्र ओलांडून पिनांग बेटावर गेल्या. तेथील लोकांनीं त्यांच्या खेळांस ‘वायांग पारसी’ असें नांव दिलें, त्यांची नक्कल केली, आणि त्या नकलेंतून ‘बांगसावान’ नांवाची मलय संगीत रंगभूमि उभी राहिली. आजहि चित्रपटास जाणें ह्यास मलय तरुण ‘वायांग पाहणें’ असेंच म्हणतो. पुढें १९३३ सालीं सिंगापुरांत पहिला मलय बोलपट तयार झाला तो ‘लैला मजनून’. त्याचे दिग्दर्शक हिंदुस्थानांतून गेलेले बी. एस. राजहंस, आणि पैसा मुंबईच्या मोतीलाल केमिकल कंपनीचा. दुसऱ्या महायुद्धानंतर सिंगापुरांतील जालान आंपास येथें शॉ बंधूंच्या स्टुडिओंत मलय बोलपटांचा जो बहर आला, त्यांतहि दिग्दर्शकाच्या खुर्चीवर बरींच वर्षें हिंदी माणसेंच होतीं. फणी मजुमदारांचा ‘हांग तुआह’ (१९५६) तेथलाच. धनी चिनी, दिग्दर्शक हिंदी, नटनटी मलय, अशी ती व्यवस्था होती. पडद्यामागें तिन्ही समाज एका मेजावर बसून काम करीत होते, आणि पडद्यावर जें जग उमटत होतें तें मात्र जवळजवळ एकट्या मलयांचें. ही विसंगति आम्हांस त्या बोलपटाच्या सगळ्या इतिहासाची किल्ली वाटते.

त्या काळचा खरा प्रतिभावंत पी. रामली. पिनांगमध्यें १९२९ सालीं जन्मलेला हा मनुष्य नट, गायक, संगीतरचनाकार आणि दिग्दर्शक असें सर्व कांहीं होता, आणि १९७३ सालीं वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं वारला. त्याचा ‘बुजांग लापोक’ (१९५७) अवश्य पाहावा. नांवाचा अर्थ ‘बुरसटलेले ब्रह्मचारी’ असा करतां येईल. भाड्याच्या खोल्यांत राहणारे तीन अविवाहित तरुण, त्यांची कडकी, त्यांचीं प्रेमप्रकरणें, त्यांची घरमालकीण. एवढ्यावर सारा खेळ. ‘सेनीमान बुजांग लापोक’ (१९६१) मध्यें हेच तिघे नट होण्याच्या आशेनें स्टुडिओच्या दाराशीं जातात आणि तेथील शीख रखवालदाराशीं त्यांची जी गांठ पडते तिला प्रेक्षक अद्याप हंसतो. शेजाऱ्यांच्या गोंगाटांत संवाद पाठ करण्याची त्यांची धडपड तर कोणत्याहि शहरांतल्या बिऱ्हाडकरूस आपलीच वाटेल. ह्या बोलपटांत कोणास मारावें लागत नाहीं. गरिबी आहे, पण ती हंसण्यानें निभते. रात्र आहे, पण तिची भीति नाहीं. मात्र एवढें ध्यानांत ठेवावें कीं, मेजावर बसलेले तिघेहि मलय आहेत. शीख मनुष्य फाटकावर उभा आहे, आणि त्याचें बोलणें हें विनोदाचें साधन आहे. रामलीस साधें जगणें दाखवितां आलें ह्याचें अर्धें कारण त्याची प्रतिभा, आणि अर्धें कारण, कठीण प्रश्न फाटकाबाहेर राहिला हें. त्याच रामलीनें ‘इबु मर्तुआकु’ (१९६२) मध्यें श्रीमंत सासूच्या कपटानें उद्ध्वस्त झालेल्या वादकास स्वतःच्या हातानें स्वतःचे डोळे फोडावयास लाविलें आहे, तें सोडून देऊं. त्या शोकनाट्याच्या मुळाशीं श्रीमंती आणि गरिबी यांचा झगडा आहे, जातींचा नाहीं.

मधलीं पुष्कळ वर्षें आम्ही ओलांडतों. २००० नंतरच्या दशकांत मोटारसायकली उधळीत रात्रीं रस्त्यांवर शर्यती लावणाऱ्या पोरांचे, म्हणजे तेथील भाषेंत ‘रेंपित’ मंडळींचे, बोलपट लोकप्रिय झाले. श्यामसुल यूसुफ ह्यांच्या ‘बोहसिया’ (२००९) ह्या बोलपटाच्या नांवासच ‘काळा मार्ग निवडूं नका’ असें शेपूट जोडलेलें आहे. ह्या एका शेपटांत त्या सबंध जातीच्या बोलपटांचें मर्म सांपडतें. रात्रीची मौज दाखवून तिकिटें विकावयाचीं आणि तिचा निषेध करून पुण्यहि जोडावयाचें. आपल्याकडील तमाशापटांत हा व्यवहार आपण पाहिलेला आहे, तेव्हां त्याबद्दल नाक मुरडण्याचा आपणांस अधिकार नाहीं. पण त्यांत तरुणाचें रोजचें जगणें शोधूं गेल्यास हातीं कांहीं लागत नाहीं. ह्याच दिग्दर्शकाच्या ‘मत किलाउ’ (२०२२) ह्या वीरपटानें पुढें सुमारें ९ कोटी ७० लाख रिंगिट मिळवून त्या देशांतील पूर्वीचे उत्पन्नाचे सगळे आंकडे मागें टाकले. पराक्रम, भूत आणि गुंड ह्या तिहींवर तेथील थिएटरें चालतात. त्यांतहि नवल नाहीं.

मेजाकडे खऱ्या अर्थानें कॅमेरा वळविला तो यास्मिन अहमद ह्या बाईंनीं. जाहिरातींच्या धंद्यांतून आलेल्या ह्या दिग्दर्शिकेनें थोड्याच वर्षांत पांच-सहा चित्रपट केले आणि २००९ च्या जुलईंत, एकावन्नाव्या वर्षीं, त्या निवर्तल्या. त्यांच्या ‘सेपेट’ (२००४) ह्या चित्रपटाचें नांव म्हणजे चिन्यांच्या बारीक डोळ्यांवरून केलेली कुचेष्टा. ईपोह शहर, ओर्केद नांवाची मलय मुलगी, नुकतीच शाळा संपलेली, ताकेशी कानेशिरो ह्या नटावर भाळलेली, आणि बाजारांत चोरून छापलेल्या चित्रपटांच्या तबकड्या विकणारा जेसन नांवाचा चिनी मुलगा. तिला त्या नटाचे चित्रपट हवे आहेत, त्याच्या फळकुटावर ते आहेत. प्रेम व्हावयास एवढें पुरतें. मलय भाषेंत प्रेमास ‘चिंता’ म्हणतात. संस्कृतांतला हा शब्द तेथपर्यंत जातां जातां आपली काळजी टाकून गेला असें कोणी म्हणेल; ‘सेपेट’ पाहिल्यावर तो ती बरोबर घेऊनच गेला असें वाटतें.

चित्रपटाचा पहिलाच प्रसंग पाहा. जेसन आपल्या आईस एक कविता चिनी भाषेंत वाचून दाखवीत आहे, आणि ती कविता रवींद्रनाथांची आहे. आई पिढ्यान्‌पिढ्या तेथें राहिलेल्या पेरानाकान चिन्यांपैकीं. ती मुलाशीं मलय बोलते, मुलगा तिला चिनींत उत्तर देतो, आणि दोघांपैकीं कोणासहि त्यांत कांहीं विशेष आहे असें वाटत नाहीं. एका बंगाली कवीचा शब्द चिनी वेषांत, मलय बोलणाऱ्या आईच्या कानीं, ईपोहच्या एका घरांत पडतो. ज्या गोष्टीवर दुसऱ्या कोणी व्याख्यान दिलें असतें ती येथें घरांतल्या बोलण्यासारखी घडून जाते. बाईंचें सामर्थ्य हेंच. ओर्केदच्या घरांतील आईबापांची थट्टा, मोलकरणीचा मालकिणीवर चालणारा अधिकार, मैत्रिणींचे टोमणे, ह्या सर्वांत तीच सहजता आहे. आणि मधूनच, आवाज न चढवितां, एक कांटा टोंचून जातो: परीक्षेंत तिच्याहून सरस ठरूनहि जेसनला सरकारी शिष्यवृत्ति नाहीं, आणि ओर्केद इंग्लंडास शिकावयास निघाली आहे. दोघेहि त्यावर भांडत नाहींत. त्या देशांत १९७१ पासून मलयांस शिक्षणांत व धंद्यांत जें प्राधान्य देण्यांत आलें त्याची बाजू व विरुद्ध बाजू मांडणारे ग्रंथ आहेत. पण दोन मुलांच्या त्या गप्प बसण्यांत तो प्रश्न जितका उघडा पडतो तितका ग्रंथांत पडत नसावा.

येथवर आम्ही ‘सेपेट’चे चाहते. शेवट मात्र आम्हांस पटत नाहीं. ओर्केद विमानतळाकडे जात असतां जेसन मोटारसायकलवर तिच्यामागें निघतो आणि रस्त्यांत अपघात होतो. टेलिफोनवर तिला त्याचा आवाज ऐकूं येतो, आणि आपण पाहिलेलें खरें कीं ऐकत असलेलें खरें, ह्या संभ्रमांत प्रेक्षकास ठेवून चित्रपट संपतो. ह्या संभ्रमाचें कौतुक पुष्कळांनीं केलें आहे. आमचें म्हणणें असें कीं, संभ्रम असो वा नसो, हा अपघात कथेंतून आलेला नाहीं. तो कथेच्या सोयीसाठीं बाहेरून बोलावलेला आहे. कारण हीं दोघें जगलीं असतीं तर पुढचा प्रश्न लग्नाचा. मुसलमानाशीं लग्न करणाऱ्या परधर्मीयानें धर्मांतर केल्यावांचून तेथील कायदा तें लग्न मानीत नाहीं. जेसनने मुसलमान व्हावें? त्याच्या त्या कविता ऐकणाऱ्या आईनें काय म्हणावें? कीं दोघांनीं परदेशीं राहावें? ह्यांतलें कोणतेंहि उत्तर दिलें असतें तरी निम्मे प्रेक्षक दुखावले असते, आणि कोणतेंहि उत्तर न देण्याचा सर्वांत सभ्य मार्ग म्हणजे नायकास ट्रकखालीं, नदींत किंवा रस्त्यावर टाकणें. आमच्या वाचकांस शांतारामांचा ‘शेजारी’ (१९४१) आठवत असेल. त्यांतहि हिंदु आणि मुसलमान मित्रांचें मीलन धरण फुटून दोघांच्या मरणांत होतें. उदात्त आहे, डोळे भरून येतात, आणि दुसऱ्या दिवशीं गांवांत त्या दोघांनीं एकमेकांशीं कसें वागावें हा प्रश्न जेथल्या तेथें राहतो. पुढील ‘गुब्रा’ (२००६) मध्यें ओर्केद एका मलय गृहस्थाची पत्नी झालेली दिसते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे अपघाताचा उपयोग काय झाला तें कळतें.

बाईंवर दुसरा आक्षेप घेतला जातो तो असा कीं, त्यांचीं घरें फार सुखवस्तु, आईबाप फार समंजस, आणि भाषेंत इंग्रजी फार. हा आक्षेप आम्हांस अर्धाच मान्य आहे. सुखवस्तु घरेंहि खरीं असतात, आणि चांगले आईबाप दाखविणें हा कांहीं गुन्हा नव्हे. परंतु एवढें खरें कीं, ज्याच्या घरीं मोठें मेज आहे त्यास रस्त्यावरचें मेज फारसें लागत नाहीं. आणि रस्त्यावरचें मेज ज्याचें सर्वस्व आहे तो मुलगा बाईंच्या चित्रपटांत नायकाचा सोबती म्हणून येतो, नायक म्हणून क्वचितच.

त्यांचा अखेरचा ‘टॅलेंटाइम’ (२००९) आम्हांस ‘सेपेट’हून वरच्या दर्जाचा वाटतो. एका शाळेंतील गाण्याबजावण्याची स्पर्धा. तींत भाग घेणारी मिश्र घराण्यांतील मुसलमान मुलगी मेलूर, आणि तिला तालमीसाठीं मोटारसायकलवर ने-आण करण्याचें काम लागलेला महेश नांवाचा तमिळ हिंदु मुलगा. महेश जन्माचा बहिरा आहे. तिला तें ठाऊक नाहीं, म्हणून त्याचें न बोलणें तिला उद्धटपणा वाटतो. भाषांच्या गजबजाटांत वाढलेल्या देशाविषयींच्या चित्रपटाचा नायक बहिरा असावा, आणि प्रेम हातवाऱ्यांनीं चालावें, ही कल्पना मोठी मार्मिक आहे. ‘आजा नचले’ ह्या हिंदी चित्रपटांतील एक गाणें ह्यांत वापरलें आहे. ऐकूं न येणाऱ्या मुलाच्या प्रेमकथेंत तें आलें म्हणजे काळजांत कळ उठते. मरण येथेंहि आहे. महेशचा मामा, उतारवयांत लग्नास उभा राहिलेला, शेजारच्या मुसलमान घराशीं झालेल्या तंट्यांत मारला जातो. परंतु हें मरण अपघाती नव्हे. तें त्या शेजारांतूनच उत्पन्न झालें आहे, आणि तें प्रश्न मिटवीत नाहीं. महेशच्या आईस मुसलमान मुलगी घरांत कां नको ह्याचें तें कारण होऊन बसतें. ‘सेपेट’मध्यें मृत्यूनें दार बंद केलें होतें, येथें तो दारांत उभा आहे आणि माणसांना त्याच्या बाजूनें वाट काढावयाची आहे. स्पर्धेच्या शेवटीं नुकतीच आई गमावलेला हाफिज एकटा गिटार घेऊन गात असतां त्याचा द्वेष करणारा चिनी मुलगा काहो न बोलावतां व्यासपीठावर येतो आणि आपल्या दोन तारांच्या एरहूनें त्यास साथ देऊं लागतो. कोणी कांहीं बोलत नाहीं. आम्ही वर ज्या मेजाविषयीं बोललों, तें मलय बोलपटांत इतकें नीट मांडलेलें आम्हांस दुसरें आढळलें नाहीं.

२०१५ सालच्या एका चित्रपटांत तमिळ मुलगा नायक आहे. शंझेय कुमार पेरुमाळ ह्यांचा ‘जगत’ त्या वर्षाच्या डिसेंबरांत प्रदर्शित झाला. नांवाची मौज पाहा. मलय ‘जाहत’, म्हणजे वाईट, हा शब्द तेथील तमिळांच्या तोंडीं ‘जगत’ होतो. आणि संस्कृतांतला जगत् हा शब्द विश्व ह्या अर्थानें मलय भाषेंतहि आहेच. तेव्हां चित्रपटाचें नांव कोणी ‘वाईट’ असें वाचावें, कोणी ‘जग’ असें. कथा १९९० नंतरच्या वर्षांतली. रबराच्या मळ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या राबलेलीं तमिळ कुटुंबें मळे मोडल्यावर शहराच्या कडेच्या झोंपड्यांत येऊन पडलीं आहेत. अप्पॉय हा बारा वर्षांचा मुलगा. डोक्यानें तल्लख, पण शाळेस हवी तशी त्याची हुशारी नाहीं. बाप त्यास शिकविण्यासाठीं मारतो. मास्तर शिस्तीसाठीं मारतात. आणि ज्याच्या हातून मार बसत नाहीं असा एक चुलता आहे, तो गुंडांच्या टोळींत आहे. मुलगा कोणाकडे ओढला जाईल हें सांगावयास नको. दिग्दर्शकानें बापास राक्षस केलेलें नाहीं हें त्याचें मोठेपण. मळ्यावरचा मजूर आपल्या पोराला मळ्याबाहेर काढूं पाहतो, आणि त्याला ठाऊक असलेलें एकच साधन म्हणजे पट्टा. ह्या चित्रपटांतील रात्री यास्मिनबाईंच्या रात्रींसारख्या हळुवार नाहींत. पण त्यांत खोटें असें कांहीं नाहीं.

ह्या ‘जगत’मुळें २०१६ सालीं मोठा वाद माजला. त्या वर्षींच्या मलेशियन चित्रपट महोत्सवांत उत्कृष्ट चित्रपटाचे दोन वर्ग करण्यांत आले. मलय भाषेंतील एक, आणि इतर भाषांतील दुसरा. तमिळ ‘जगत’ आणि अनेक भाषांत बोलणारा ‘ओला बोला’ हे दुसऱ्या वर्गांत गेले. म्हणजे त्याच देशांत, त्याच देशाच्या माणसांनीं, त्याच देशाविषयीं केलेला चित्रपट पंक्तिभेदानें निराळ्या पानावर बसविला गेला. मलय कलावंतांपैकींहि अनेकांनीं त्यास उघड विरोध केला हें त्यांस भूषणावह आहे. अखेर वर्ग बदलले; उत्कृष्ट मलेशियन चित्रपट आणि राष्ट्रभाषेंतील उत्कृष्ट चित्रपट असे ते झाले. पहिला मान ‘जगत’ला मिळाला, दुसरा श्यामसुल यूसुफ ह्यांच्या ‘मुनाफिक’ ह्या भूतपटास. भाषेचा आग्रह धरणाऱ्यांची बाजू आम्हांस समजत नाहीं असें नाहीं. इंग्रजीच्या छायेखालीं आपली भाषा राज्यावर बसविणें किती कष्टाचें असतें हें मराठी माणसास सांगावें लागत नाहीं. परंतु राष्ट्रभाषेस मान द्यावयाचा म्हणून शेजाऱ्याच्या भाषेला पाहुणी ठरविणें ही निराळी गोष्ट. मामाकच्या मेजावर जी भाषा रोज रात्रीं ऐकूं येते ती ह्या दोन वर्गांपैकीं कोणत्या वर्गांत घालावी, हें त्या परीक्षकांस तरी सांगतां आलें असतें काय?

जिन ओंग ह्यांचा ‘आबांग आदिक’ (२०२३) ह्याहून पलीकडे जातो. आबांग म्हणजे थोरला भाऊ, आदिक म्हणजे धाकटें भावंड. क्वालालंपुरांतील पुडू बाजाराच्या आसपास राहणारे हे दोघे रक्ताचे भाऊ नव्हेत; दोघेहि त्याच देशांत जन्मलेले, पण कागदपत्र नसल्यामुळें कायद्याच्या दृष्टीनें नसल्यासारखे. थोरला मुका-बहिरा, बाजारांत ओझीं उचलणारा. धाकटा झटपट पैशाच्या मागें. जेवतांना उकडलेलें अंडें एकमेकांच्या कपाळावर फोडण्याची त्यांची संवय आहे, आणि त्या एका खुणेंत जेवढा बंधुभाव आहे तेवढा पानभर संवादांत मावला नसता. थोरल्याचें काम तैवानच्या वू कांग-रेन ह्या नटानें केलें, आणि त्याबद्दल त्यास २०२३ चा गोल्डन हॉर्स पुरस्कार मिळाला; तो योग्यच. उत्तरार्धांत मात्र खून होतो, आणि मग तुरुंग, त्याग, अश्रु ह्यांची अशी रीघ लागते कीं पूर्वार्धांतील बाजाराचा वास नाकांतून नाहींसा होतो. पूर्वार्धांत प्रश्न होता तो एका जन्मदाखल्याचा. दाखला मिळणें किंवा न मिळणें, खेटे घालणें, पोलिसाच्या हातावर कांहीं टेकविणें, ह्यांत नाट्य नव्हतें काय? दिग्दर्शकास तें पुरेसें वाटलें नाहीं.

हेंच आमचें गाऱ्हाणें. लग्न, शिष्यवृत्ति, शाळा, जन्मदाखला. तेथील तरुणाच्या जिवाला लागलेले प्रश्न इतके साधे आहेत. परंतु ते सरळ विचारले तर त्यांचें उत्तर कायद्याकडून मागावें लागतें, आणि कायद्याशीं बोलणें बोलपटास परवडत नाहीं. परिनिरीक्षकांचा धाक तेथें खरा आहे. अमांडा नेल यू ह्यांच्या ‘टायगर स्ट्राइप्स’मध्यें मुलगी वयांत येते, त्याबरोबर तिच्यांत वाघीण जागी होते. मे २०२३ मध्यें कान येथील समीक्षक-सप्ताहांत ह्या चित्रपटास प्रथम पारितोषिक मिळालें, आणि त्याच वर्षीं स्वदेशीं तो इतका कापून दाखविला गेला कीं ती प्रत आपली नव्हे असें दिग्दर्शिकेस जाहीर करावें लागलें. जेथें मुलीचें ऋतुप्राप्त होणेंहि वाघाच्या सोंगाशिवाय दाखवितां येत नाहीं, आणि सोंग आणूनहि कात्री चुकत नाहीं, तेथें कथालेखकानें यमास मदतीस बोलाविलें तर त्यास एकट्यास दोष कसा द्यावा?

तरीहि अपवाद आहे, आणि तो थोड्या पैशांत केलेल्या एका लहानशा चित्रपटाचा आहे. ल्यू सेंग तात ह्यांच्या ‘फ्लॉवर इन द पॉकेट’ला २००७ सालीं पुसान येथें आणि पुढील वर्षीं रॉटरडॅम येथें पारितोषिकें मिळालीं. दुकानांत मांडावयाचे पुतळे घडविणारा एक चिनी बाप, बायको नसलेला, रात्रंदिवस त्या निर्जीव बायांच्या हातापायांत गुरफटलेला. आणि त्याचीं दोन लहान मुलें, जीं स्वतः उठतात, स्वतः शाळेस जातात आणि उरलेला दिवस शहरभर भटकतात. धाकट्यास शाळेंतलें मलय नीट येत नाहीं. वाटेंत त्यांस आयू नांवाची एक पुरुषी वळणाची मलय मुलगी भेटते आणि त्यांस आपल्या घरीं नेते. तिची आई त्या दोघांपुढें जेवण वाढते. मुलें जेवतात, इकडे तिकडे पाहतात, पुन्हां जेवतात. त्या प्रसंगास संगीताची फोडणी नाहीं, ऐक्याचा संदेश नाहीं, आणि पुढच्या वळणावर कोणतीहि मोटारसायकल त्यांची वाट पाहत उभी नाहीं. आमच्या वाचकांपैकीं ज्यांस ह्यांतील एकच चित्रपट पाहावयाचा असेल त्यांनीं हा पाहावा. घरांतील मुलांसहि जवळ बसवावें. भाषा कळली नाहीं तरी त्यांचें फारसें अडणार नाहीं.